डोंगरीच्या रात्री आणि वाईचे खंड

टेंभू हे नाव आज कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : "ती पाण्याची योजना ना?" बरोबर, तीच. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांत पोचवायचं. माझं इंजिनियरिंग सांगलीत झालं, त्यामुळे चार वर्षं हे नाव कानावर होतंच. कुठल्या टप्प्याला किती पंप, किती मीटर उचल, वीजबिल कोण भरणार, यावर एसटीतही तावातावाने चर्चा चालायची.

पण टेंभूची मूळ ओळख वेगळी आहे. १४ जुलै १८५६ रोजी याच गावात गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आणि बरोबर नऊ दिवसांनी, २३ जुलैला, सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरीत बाळ गंगाधर टिळक जन्मले. शाळेत आपण या दोघांना 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या पाच मार्कांच्या प्रश्नात कोंबून मोकळे होतो. मतभेद झाले, मैत्री तुटली, पुढचा धडा.

गेले काही वीकएंड मी या विषयावर जे हाती येईल ते वाचतोय. माझी एक शंका आहे : ही मैत्री मतभेदामुळे तुटली, हे खरं नाही. निदान पुरतं खरं नाही.

एकशे एक दिवस

आगरकर अत्यंत गरीब घरचे. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असं जिथे सोय लागेल तिथे राहिले, पडेल ते काम केलं आणि शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तिथे टिळक भेटले. एकाची प्रकृती दम्याने पोखरलेली, दुसऱ्याने व्यायामाने कमावलेली. एक नास्तिकतेकडे झुकलेला, दुसरा परंपरेचा अभिमानी. दोघांनी ठरवलं काय, तर सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाच्या कामात आयुष्य घालायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंटचं ऑफर लेटर फाडून टाकायचं!

१८८० साली चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, एम. ए. झाल्यावर आगरकर त्यात आले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. लगेच पुढच्याच वर्षी कोल्हापूरचं प्रकरण अंगावर आलं. तिथल्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल लिहिताना कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप झाले होते. ज्या पत्रांच्या आधारावर ते केले, ती पत्रं कोर्टात बनावट ठरली. शिक्षा झाली चार महिन्यांची. त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, आणि त्यावर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिलं.

या पुस्तकातली एक गोष्ट मला फार आवडते. रात्री कोठडीत या दोघांचे वाद चालत. धर्म, समाज, सुधारणा, पुढे काय करायचं, सगळं. आवाज इतका चढायचा की पहाऱ्यावरच्या शिपायांना यावं लागायचं. म्हणजे मतभेद १८८२ सालीही होतेच. नंतर ज्यावरून महाराष्ट्र दोन तटांत विभागला, त्यातलं बरंचसं त्या कोठडीत आधीच बोलून झालं होतं. तरीही सकाळी उठून दोघं एकमेकांचे मित्रच असायचे.

मग पुढच्या आठ वर्षांत नवीन काय घडलं?

मग बिघडलं कुठे?

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. संस्था म्हटली की नियम आले, पगार आले, मतदान आलं. टिळकांचं म्हणणं असं की आजीव सदस्यांनी संन्याशासारखं राहायचं : ठरलेला पगार घ्यायचा, सगळा वेळ संस्थेला द्यायचा, बाहेरून काही मिळालं तर तेही संस्थेचं. इतरांचं म्हणणं, अहो, बायकामुलं आहेत, घर चालवायचं कसं? आगरकर या दुसऱ्या बाजूला होते. अखेर १८९० मध्ये टिळकांनी लांबलचक पत्र लिहून सोसायटीचा राजीनामा दिला. बालविवाहावरून नाही, विधवांवरून नाही. तात्कालिक भांडण होतं ते पगाराचं, वेळेचं आणि बाहेरच्या कामांचं. स्टार्टअपमधले दोन संस्थापक ज्या कारणांनी वेगळे होतात, जवळजवळ त्याच कारणांनी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या साथीने 'सुधारक' काढला. आता एकाकडे 'केसरी', दुसऱ्याकडे 'सुधारक'. डोंगरीतला वाद तोच होता, पण आता ऐकणारा समोरचा मित्र नव्हता, वाचणारं सगळं पुणं होतं. टिळकांचं उत्तर आगरकरांना पटायची गरज उरली नाही, ते 'केसरी'च्या वाचकांना पटलं की काम झालं. आगरकरांचंही तेच. संमतिवयाच्या कायद्यापर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, भाषा इतकी टोकदार झाली की मुद्दा कुठे संपतो आणि माणसाला बोचकारणं कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं. सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय अडतीस. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांना रडू आवरत नव्हतं, एका लेखाला तासन्‌तास लागले, असंही सांगतात. हा तपशील मला आधी नेहमीचा गोड शेवट वाटायचा. आता तसं वाटत नाही. डोंगरीच्या कोठडीतल्या वादाचा एकमेव साक्षीदार गेला होता. टिळकांना आता त्या रात्रींबद्दल बोलायला कुणीच उरलं नव्हतं.

प्रेक्षक

इथे थोडं आजचं सांगतो. आमच्या हॉस्टेलचा अकरा जणांचा ग्रुप आहे. कॉलेज संपल्यावर कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, दोघं अमेरिकेत. माझा रूममेट साताऱ्याचा. थर्ड इयरला माझ्या वडिलांना मिरजेच्या हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा हा गडी भर पावसात रात्री बाईक काढून मला घेऊन गेला आणि पहाटेपर्यंत बाकड्यावर बसून होता. तेव्हा त्याला मी कुणाला मत देतो हे माहीत होतं, आणि मला त्याचं. रोज रात्री मेसवरून परतताना भांडायचोच की!

मागच्या निवडणुकीत त्याने ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, मी त्यावर लिहिलं, त्याने त्यावर. तासाभरात पन्नास-साठ मेसेज. बाकीचे नऊ जण अंगठे आणि हसरे चेहरे टाकत होते. कुणाचं बरोबर होतं हा मुद्दा नाही. मुद्दा असा, की तो मला उत्तर देत नव्हता आणि मी त्याला देत नव्हतो, आम्ही दोघं त्या नऊ जणांना उत्तर देत होतो. तेव्हापासून वाढदिवसाचे स्टिकर तेवढे येतात-जातात. हे फक्त आमचंच आहे असं नाही. तुमच्याही ग्रुपमधून दोघं-तिघं 'लेफ्ट' झाले असतील.

म्हणूनच मला शोधायचं होतं, की मतं शेवटपर्यंत वेगळी राहूनही मैत्री टिकलेली उदाहरणं याच मुलखात आहेत का? आणि असतील, तर त्यांनी काय वेगळं केलं?

कराडचा वकील आणि वाईचे शास्त्री

आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे असले तरी पूर्वी तो एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे यशवंतराव चव्हाण जन्माने सांगलीचे (देवराष्ट्रे, १२ मार्च १९१३) आणि कर्तृत्वाने साताऱ्याचे (कराड), असं दोन्हीकडचे लोक हक्काने म्हणू शकतात.

१९३२ मध्ये शाळकरी वयातच त्यांना झेंडा फडकवल्याबद्दल शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांचं खरं कॉलेज सुरू झालं. तिथून बाहेर पडल्यावर, १९३६ च्या सुमारास, ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. रॉय म्हणजे मेक्सिको, मॉस्को करून आलेला क्रांतिकारक. त्यांच्याभोवती जमलेल्या मराठी मंडळींत वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी होते.

शास्त्रीबुवा हे प्रकरण अजबच. जन्म १९०१, धुळ्याकडच्या पिंपळनेरचा. पोरवयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले, कलकत्त्याला जाऊन तर्कतीर्थ झाले. वेदशास्त्रात पारंगत, आणि त्याच शास्त्रांच्या आधारावर अस्पृश्यतेविरुद्ध उभे. १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचं पौरोहित्य यांनीच केलं. आणि हाच माणूस पुढे रॉय यांच्या संगतीत भौतिकवादी झाला. तर्कतीर्थ पंडित आणि शेतकरी घरातला वकिलीचा विद्यार्थी, अशी ही जोडी. वयात बारा वर्षांचं अंतर.

मग १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. रॉय यांचं म्हणणं : हिटलर जिंकला तर जगातलं सगळंच संपेल, म्हणून युद्धात ब्रिटनला साथ द्या. काँग्रेसचं म्हणणं : आधी स्वातंत्र्य. शास्त्रीबुवा रॉय यांच्या बाजूला राहिले. यशवंतराव तिथून वेगळे झाले.

हा मतभेद 'चहा बरा की कॉफी' असा नव्हता. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार, त्यात विष्णू बारपटे आणि उमाशंकर पंड्या गेले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते. (हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो. नोकरी चांगली, काम आवडीचं, आणि माणूस मोर्चात जातो.) यशवंतराव भूमिगत होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच वेणूताईंना अटक झाली. अशा वेळी जो ब्रिटनच्या युद्धप्रयत्नांना साथ द्या म्हणतो, त्याला लोक सरळ देशद्रोही म्हणायचे. रॉयवाद्यांनी त्या काळात हे भरपूर ऐकलं.

आता कल्पना करा. तुमचे सहकारी रस्त्यावर मरताहेत आणि तुमचा मित्र सांगतोय की हीच वेळ चुकीची आहे. तुम्ही त्याला 'अनफ्रेंड' करणार की नाही?

यशवंतरावांनी वाट वेगळी केली, पण माणसं टाकून दिली नाहीत. आपल्या विचारांच्या घडणीत रॉय यांचा वाटा किती, हे त्यांनी पुढे 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात मोकळेपणी सांगितलं. 'मी फसलो होतो' असा सूर नाही, 'ते फितूर होते' असाही नाही. त्या प्रश्नावर आमचं पटलं नाही, बस्स. पटलं नाही हे ठामपणे, आणि शिकलो हेही तितक्याच ठामपणे. या दोन वाक्यांच्या मध्ये 'पण' न घालता दोन्ही म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, यशवंतराव मुख्यमंत्री. त्याच वर्षी त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष कोण? लक्ष्मणशास्त्री जोशी. पक्षातला कुणी सोयीचा माणूस काय मिळाला नसता? आणि मराठी विश्वकोशाचं काम मुंबईत सचिवालयाच्या सावलीत नाही, तर वाईत, कृष्णेच्या काठी ठेवलं. पहिला खंड यायला १९७६ साल उजाडलं. म्हणजे सोळा वर्षं! आमच्याकडे रिलीज दोन आठवडे लांबलं तर एस्कलेशनच्या मेल सुरू होतात. यशवंतराव १९८४ मध्ये गेले. शास्त्रीबुवा १९९४ मध्ये जाईपर्यंत विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते. विसावा खंड २०१५ मध्ये आला, तेव्हा दोघंही नव्हते.

विश्वकोश हे काम असं आहे, की त्यात एकाच मताच्या माणसांचा काही उपयोग नाही. नोंद मार्क्सवर असो की मनुस्मृतीवर, ती चालवायला दुसरी बाजू नीट समजलेला माणूस लागतो. म्हणजे ज्या गुणामुळे शास्त्रीबुवा १९४२ साली अडचणीचे मित्र होते, त्याच गुणामुळे १९६० साली ते सगळ्यांत उपयोगाचे ठरले. गर्दी एका बाजूला असताना स्वतःच्या विचाराला जे दिसतं तेच बोलायचं, हा तो गुण.

पुन्हा टेंभू

आता कुणी म्हणेल, हे विद्वानांचं झालं. रांगड्या माणसांचं काय?

तर प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले दोन तरुण बघा. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, दोघंही १९२२ चे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या छायेत दोघांनी इंग्रजांविरुद्ध बंदूक हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर या गोतावळ्याची राजकारणात पांगापांग झाली. कुणी काँग्रेसमध्ये, कुणी शेतकरी कामगार पक्षात, कुणी कम्युनिस्टांकडे. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली, तेव्हा याच जिल्ह्याने कराडमधून काँग्रेसच्या यशवंतरावांना थोडक्या मतांनी आमदार केलं आणि साताऱ्यातून समितीतर्फे कम्युनिस्ट नाना पाटलांना खासदार. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले. यशवंतराव मुख्यमंत्री म्हणून स्वागताला, आणि समितीचे हजारो लोक वाई-पसरणीच्या रस्त्यावर काळे झेंडे घेऊन. कालपर्यंत एका भाकरीचे तुकडे करून खाल्लेली माणसं रस्त्याच्या दोन बाजूंना. निदर्शनं शांततेत पार पडली.

बापूंनी कुंडलला साखर कारखाना उभा केला, अण्णांनी वाळव्याला. दोघांचे संसार वेगळे, कामाच्या रीती वेगळ्या. आणि १९९३ पासून अण्णांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी परिषदा भरवायला सुरुवात केली. या चळवळीत श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर होते, सांगोल्याचे शेकापचे गणपतराव देशमुख होते, आणि सत्तरी ओलांडलेले जी. डी. बापूही होते. मार्क्स, फुले, आंबेडकर, सहकार, कुणाचा भर कशावर तर कुणाचा कशावर. या विषयांवर त्यांना आटपाडीत चार दिवस सहज भांडता आलं असतं. पण मागणी एक होती : कृष्णेचं पाणी माणदेशात आलं पाहिजे. बापू २०११ मध्ये गेले, अण्णा २०१२ मध्ये, जेमतेम चार महिन्यांच्या अंतराने.

ते पाणी उचलायचं कुठून? टेंभूतून. आगरकरांच्या गावातून.

तर मग

हे सगळं वाचून 'मतभेद बाजूला ठेवा, गोडीगुलाबीने राहा' असं मला अजिबात म्हणायचं नाही. आगरकरांना टिळकांनी गप्प बसवलं असतं किंवा आगरकर मैत्रीखातर गप्प बसले असते, तर मुलींच्या शिक्षणाची आणि विधवांची बाजू इतक्या धारदार मराठीत कुणी मांडली असती? काही मतं अशी असतात की ती बोलावीच लागतात, मित्र दुखावला तरी. शास्त्रीबुवांनीही यशवंतरावांना बरं वाटावं म्हणून युद्धाबद्दलचं मत बदललं नाही.

मला दिसतो तो फरक एवढाच. टिळक-आगरकरांचं जे एकत्र काम होतं, शाळा आणि कॉलेज, ते १८९० मध्ये संपलं आणि नुसता वाद उरला, तोही चार लोकांसमोर मांडलेला. यशवंतराव आणि शास्त्रीबुवांमध्ये वाद झाला, पण पुढे दोघांच्या आयुष्यापेक्षा लांबीचं काम उभं राहिलं. बापू-अण्णांकडे पाणी होतं. मैत्रीला नुसत्या आठवणी पुरत नाहीत, काहीतरी हातात धरायला लागतं. अगदी एखाद्या पोराची फी भरायची असेल, गावच्या शाळेला कॉम्प्युटर लॅब करून द्यायची असेल, तेही चालेल. अशा कामात मित्राचं मत काय यापेक्षा तो शनिवारी सकाळी वेळेवर येतो का, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आणि वाद? वाद घालायचाच असेल तर डोंगरीसारखा घालावा. आवाज चढू द्यावा, पहारेकरी येऊ द्यावेत. पण खोलीत दोघंच असावेत. माझा रूममेट हल्ली हिंजवडीत असतो, माझ्या ऑफिसपासून तीन सिग्नलवर. ग्रुपवर नाही, त्यालाच फोन करणार आहे. त्या फॉरवर्डमधलं त्याचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही, आणि तेच त्याला सांगायचंय.